पूर्वीच्या बायकांना काही झालं नाही?

आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत हृदयविकाराच्या कारणांवर पूर्ण एकमत आहे. सकाळी कल्पद्रुम मैदानावर फेऱ्या मारून कट्ट्यावर टेकलेल्या मंडळींना विचारा, शंभरफुटी रोडवरच्या चहाच्या गाड्यावर विचारा, नाहीतर एखाद्या बारशाच्या पंगतीत विचारा. बेचाळिशीतला कुणी गेला की यादी तयारच असते: टेन्शन, मोबाइल, मैदा, पाम तेल, जागरणं, आजकालची पिढी. धाप लागण्याचं विचारलं तर धूळ आणि पावसाळी हवा. त्या माणसाच्या आईचं गर्भारपण या यादीत कधीच नसतं. पोटात असताना बाळाला ऑक्सिजन कमी पडला तर त्याची खूण हृदयावर आणि फुप्फुसांवर आयुष्यभर राहू शकते, असं कुणी चुकून बोललंच तर चार जण एकदम हसतात. ‘अहो, आमच्या आज्ज्या भांगलण करता करता बाळंत व्हायच्या. संध्याकाळी पोर झोळीत आणि आजी परत वावरात. काही झालं का त्यांना?’

या हसण्याचा मला मनापासून वैताग येतो, कारण ते अडाण्यांचं हसू नाही. हसणाऱ्यांत निवृत्त प्राध्यापक असतात, बँकेतले साहेब असतात, घरात बीपीचं मशीन ठेवणारे असतात. त्यांची समजूत थोडक्यात अशी: निसर्ग आईचं काढून बाळाला देतो, म्हणून बाळाला काही कमी पडत नाही. जन्मल्यावर रडलं, अडीच-तीन किलो भरलं, की तो विषय मिटला. पुढचं सगळं ज्याच्या त्याच्या खाण्यापिण्यावर आणि नशिबावर. आणि ऑक्सिजन कमी पडणं म्हणजे एकतर हिमालय नाहीतर कोविड. कृष्णाकाठी हवेला काय तोटा?

आधी त्या आजीचं बघू. जिच्या नावाने ही गोष्ट सांगितली जाते ती जगली, तिचं पोर जगलं, ते पोर मोठं होऊन कट्ट्यावर येऊन बसलं, म्हणून गोष्ट सांगायला कुणीतरी उरलं. जी गेली तिचा नातू कट्ट्यावर येत नाही. १९५१ साली आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १४६ बाळं वर्षाची व्हायच्या आत जात होती. सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षांचं. जिथे माणसाला पस्तिशी गाठायची मारामार, तिथे पन्नाशीत येणारा हृदयविकार दिसणार कुणाला? आजीला ‘काही झालं नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी आपल्या घराण्यात किती पोरं गेली हे कधी विचारलंय का? विचारलं तर जुन्या माणसांकडून उत्तर येतं, ‘सात झाली, चार राहिली.’ उरलेल्या तिघांचा हिशेब कुठल्या निसर्गाने ठेवला?

आता हवेचा तोटा. पोटातलं बाळ कृष्णाकाठची हवा घेत नाही, ते आईचं रक्त देईल तेवढंच घेतं. निरोगी आईच्या धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब साधारण १०० मिलिमीटर असतो; नाळेतून बाळाकडे जाणाऱ्या चांगल्यातल्या चांगल्या रक्तात तो तीसच्या आसपास. शरीरशास्त्रज्ञांनी या अवस्थेला गर्भाशयातलं एव्हरेस्ट म्हटलंय. बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचं असतं, ऑक्सिजन घट्ट पकडणारं, म्हणून सगळं ठीक असेल तर त्याचं तेवढ्यात भागतं. पण हातात राखीव फार थोडं. अशा ठिकाणी आईकडूनच येणारं कमी झालं तर काय होईल, हे समजायला वैद्यकीची पदवी लागत नाही.

आणि ते कमी व्हायला आपल्याकडे हिमालय चढावा लागत नाही. रक्त कमी असलं की पुरतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. बारा ग्रॅम असलेल्या बाईच्या १०० मिलिलिटर रक्तात सोळा मिलिलिटर मावतो, आठ असलेल्या बाईच्या रक्तात पावणेअकरा. तिसरा हिस्सा गायब. तिचं हृदय जोरात धावून थोडी भरपाई करतं, पण धावण्यालाही मर्यादा असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गर्भवती रक्तक्षयी निघाल्या. देशात हा आकडा ५२.२ टक्के. म्हणजे डोहाळजेवणाच्या दोन फोटोंपैकी जवळपास एका फोटोतली झोपाळ्यावरची बाई कमी रक्ताची आहे. हिरवी साडी, फुलांची वाडी, धनुष्यबाण सगळं जागच्या जागी. हिमोग्लोबिन तेवढं नाही.

इथे एक शहाणा हमखास बोटाला लावायचा चिमटा काढतो. कोविडपासून घरोघरी तो आहेच. ‘सुनेला लावून बघितला, ९८ आला. कसला ऑक्सिजन कमी?’ हा युक्तिवाद इतक्या आत्मविश्वासाने होतो की ऐकणारा गप्पच बसतो. पण चिमटा सांगतो ते एवढंच, की जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती टक्के भरलंय. मुळात आहे किती, हे तो सांगतच नाही. डेपोतून निघालेली प्रत्येक एसटी खचाखच भरलेली आहे, म्हणून सगळे प्रवासी पोचले असं कुणी म्हणेल का? गाड्याच निम्म्या सोडल्या असतील तर? सात ग्रॅमवर आलेल्या बाईचा चिमटाही ९८ दाखवतो.

रक्तक्षय हे एकच कारण नाही. चुलीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि तो वारेतून बाळाकडे जातो. ‘आता चुली कुठे राहिल्या?’ असं विचारणाऱ्यांनी विश्रामबागेतून थोडं बाहेर पडावं. उज्ज्वला योजना २०१६ पासून आहे, सिलिंडर कोपऱ्यात आहे, त्यावर चहा होतो. भाकरी आणि अंघोळीचं पाणी मात्र चिपाडांवर, कारण पुढच्या टाकीचे पूर्ण पैसे योजना देत नाही. मग मिसरी, दातांना लावायची भाजलेली तंबाखू. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात सकाळी मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही अशी लाखो बायकांची खात्री आहे, आणि गर्भारपणात मळमळीवर उपाय म्हणून ती वाढते. संशोधक आशा प्रतिनिधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिसरी लावणाऱ्या गर्भवतींचा माग ठेवून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिसरी लावणाऱ्यांच्या गर्भारपणात अडचणी जास्त आढळल्या. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, मग ते सिगारेटमधून जावो की दातांवरून. आणि शेवटी वाढलेलं बीपी, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, ज्यात वारेचा रक्तपुरवठाच नीट घडत नाही. आपल्याकडे त्याचं निदान ठरलेलं: ‘पहिलटकरीण आहे, पायांना सूज यायचीच.’

आता ‘निसर्ग काळजी घेतो’ या श्रद्धेकडे येऊ. घेतो, पण कशी? ऑक्सिजन घटला की पोटातलं बाळ रक्ताची वाटणी बदलतं. मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी यांना आधी. हातपाय, आतडी, मूत्रपिंड, फुप्फुसं यांच्या वाहिन्या आवळून घेतल्या जातात. हे काही तासांपुरतं असेल तर बाळ वाचतं. आठवडेच्या आठवडे चाललं तर त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध एवढंसं हृदय पंप करत राहतं, आणि महाधमनीची भिंत जाड व्हायला लागते. हृदयाच्या स्नायूपेशींची संख्या जन्माच्या सुमारास बहुतांशी ठरून जाते. पुढे पेशी आकाराने वाढतात, संख्येने फारशा नाहीत. म्हणजे कमी पेशी घेऊन आलेल्या माणसाने कल्पद्रुमवर कितीही फेऱ्या मारल्या तरी तो मुळातल्या कमी भांडवलावरच धंदा करतोय.

फुप्फुसांचं तर कुणी नावच काढत नाही. बाळ पोटात हवा घेत नाही, पण श्वासाची हालचाल करतं. तिसऱ्या महिन्यापासूनच छाती हलते, फुप्फुसांतला द्रव आतबाहेर होतो, आणि या सरावावरच फुप्फुसं वाढतात. ऑक्सिजन घटला की बाळ ही हालचाल थांबवतं. कारण तिलाही ऑक्सिजन लागतो. वायुकोश तयार होण्याचं काम गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत सुरू होऊन जन्मानंतर पहिल्या काही वर्षांत चालतं. नेमक्या त्या आठवड्यांत आईचं बीपी १६० वर असेल आणि घरचे ‘थोडं मीठ कमी कर’ एवढ्यावर भागवत असतील, तर त्या मुलाच्या पन्नाशीतल्या धापेला पावसाळी हवा जबाबदार धरायची?

‘पण हे सगळं उंदरांवरचं आहे हो,’ असा पुढचा आक्षेप. ठीक, माणसांचं घेऊ. मैसूरला एक जुनं मिशन हॉस्पिटल आहे, होल्ड्सवर्थ मेमोरियल. आपल्या मिरजेत वानलेस साहेबांनी १८९४ साली उभं केलं त्याच परंपरेतलं. तिथल्या परिचारिकांनी १९३४ पासून प्रत्येक बाळाचं वजन वहीत लिहून ठेवलं होतं. साठेक वर्षांनी संशोधक त्या वह्या घेऊन ती बाळं शोधत मैसूरच्या गल्ल्यांतून हिंडले. १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: जन्माच्या वेळी अडीच किलो किंवा कमी भरलेल्यांपैकी ११ टक्क्यांना हृदयधमन्यांचा विकार होता, ३.१ किलोच्या वरच्यांत ३ टक्क्यांना. पुढच्याच वर्षी त्याच वह्यांवरून दिसलं की जन्मवजन जितकं कमी, तितकी मोठेपणी फुप्फुसांची ताकद कमी. मैसूर काही उंदरांचं गाव नाही.

कमी वजन म्हणजे केवळ ऑक्सिजनची कमतरता नव्हे, आईची उपासमारही असू शकते, हे उघड आहे. नेमकं हेच वेगळं काढण्यासाठी केंब्रिजचे दिनो जुसानी आणि त्यांचे बोलिव्हियातले सहकारी कोंबडीच्या अंड्यांकडे वळले. अंड्यात आई नाही, तिचं खाणंपिणं नाही, सासू नाही. जेवढा खाऊ तेवढा कवचात बंद. सखल भागातल्या कोंबड्यांची अंडी त्यांनी ला पाझला, सुमारे ३,६०० मीटरवर उबवली. पिल्लं खुरटली. तिथेच, त्याच उंचीवर, अंड्यांना जादा ऑक्सिजन दिला, तर वाढ सावरली. उंचावर उबवलेल्या पिल्लांत कवच फुटण्याआधीच हृदय आणि महाधमनीत बिघाड दिसला. खाऊ तोच, कवच तेच, फरक फक्त ऑक्सिजनचा. यावर कट्ट्याचं काय म्हणणं आहे? ‘अंड्यातल्या पिल्लाला टेन्शन होतं’?

(त्याच गटाने उंदरांत दाखवलंय की कमी ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या गाभण माद्यांना भरपूर क जीवनसत्त्व दिलं तर पिल्लांच्या रक्तवाहिन्या बऱ्याच वाचतात. हे वाचून कुणी सुनेला गोळ्यांचा डबा आणायला धावू नये. ते प्रमाण उंदरांचं आहे, आणि कोविडात आपण जे काय गिळलं तेवढं पुष्कळ झालं.)

सुशिक्षितांचा हुकमाचा एक्का म्हणजे जन्मवजन. ‘बाळ तीन किलोचं झालं, म्हणजे आत सगळं व्यवस्थित होतं.’ वरून ते हेही दाखवतात, की २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चार देशांतल्या मोठ्या चाचणीत, ज्यात आपलं तमिळनाडूही होतं, गर्भवतींना गॅसशेगड्या दिल्या तरी बाळांच्या वजनात फरक पडला नाही. खरं आहे, पडला नाही. पण गॅस घरात आला तेव्हा गर्भारपणाचे दोन ते पाच महिने उलटले होते. आणि शेवटी वजनाचा काटा सांगतो वजन. वाहिन्यांच्या आतलं अस्तर कसं झालंय हे त्याला कुठून कळणार? २०१० साली ‘सर्क्युलेशन’मध्ये ला पाझच्या मुलांची तपासणी छापून आली. ज्यांच्या आयांना गर्भारपणात प्रीएक्लॅम्प्सिया झाला होता त्या मुलांच्या फुप्फुसांच्या धमनीतला दाब इतर मुलांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त होता, हातांतल्या वाहिन्याही नीट फुलत नव्हत्या. शाळेत जाणारी, हुंदडणारी पोरं. वरून बघून कुणीही म्हणालं असतं, काय झालंय त्यांना?

विश्रामबागेतल्या फ्लॅटांत या अज्ञानाची एक चकचकीत आवृत्तीही मिळते. गर्भसंस्काराचा कोर्स, मंत्रांची ध्वनिफीत, पोटाशी हेडफोन, भिंतीवर गुटगुटीत बाळाचं पोस्टर. बाळाने पोटात श्लोक ऐकावेत यासाठी हजारो रुपये, आणि लोहाची गोळी मात्र ‘गरम पडते’, ‘त्याने बाळ काळं होतं’ म्हणून कपाटात. एकशे ऐंशी दिवस गोळी घेणाऱ्या गर्भवती देशात २६ टक्के निघाल्या त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत. गर्भाला संस्कार पोचतात यावर ज्यांचा एवढा विश्वास, त्यांना धूर पोचतो यावर शंका का येते? अभिमन्यूने चक्रव्यूह ऐकला हे पटतं. त्याच्यापर्यंत सुभद्रेचं रक्त पोचत होतं हे पटत नाही?

आणि मग येतो सगळ्यात संतापजनक भाग. पुरावे समोर ठेवले, हसू ओसरलं, की हीच मंडळी एका दमात पलीकडच्या टोकाला जातात. ‘म्हणजे आईनेच काळजी घेतली नाही तर!’ पाच मिनिटांपूर्वी गर्भारपणाला काही अर्थच नव्हता, आता सगळा दोष त्या बाईचा. शेवटी जेवणारी ती. सगळ्यांचं आटोपल्यावर पातेल्यात उरेल ती भाजी तिची. चिपाडं फुंकणारी ती. तपासणीच्या दिवशी ‘आज जमणार नाही, पाहुणे आहेत’ हे ऐकणारी ती. तिचं लग्न, पहिलं गर्भारपण आणि पहिलं रक्त तपासणं, तिन्हींची तारीख दुसऱ्यांनी ठरवली. आणि चाळीस वर्षांनी मुलाच्या अँजिओग्राफीत तीन ब्लॉक निघाले तर जबाबदार तीच? ऑक्सिजन आईच्या अंगातून बाळाला जातो हे शरीरशास्त्र झालं. तो तिच्या अंगात का नव्हता, हे घराने, गावाने आणि कामावर ठेवणाऱ्याने सांगायचं आहे.

कामाचंही एक शास्त्र आपल्याकडे आहे: ‘काम केलं की बाळंतपण सोपं जातं.’ चालावं, हिंडावं, हलका व्यायाम करावा, याला कुणाचीच हरकत नाही. पण पुण्याच्या केईएम हॉस्पिटलने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ साली आसपासच्या सहा गावांत जो अभ्यास सुरू केला, त्यात शोभा राव यांनी २००३ मध्ये दाखवून दिलं की शेतात आणि घरात जास्त कष्ट उपसणाऱ्या आयांची बाळं लहान भरली. याच गावांतल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. अशा बाईला आणखी घागरी उचलायला सांगणं हा बाळंतपण सोपं करण्याचा नव्हे, घागरी फुकटात भरून घेण्याचा उपाय आहे. आमच्याच इमारतींत जतच्या दुष्काळी गावांतून आलेल्या कामवाल्या आठव्या महिन्यापर्यंत चार मजले चढतात, कारण काही ठिकाणी लिफ्ट ‘रहिवाशांसाठी’ असते. वर पोचल्यावर तिला धाप लागलेली बघून मालकीणबाई म्हणतात, ‘बस गं जरा, पाणी घे.’ तिचं रक्त किती आहे हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. लादी नीट पुसली का, हे मात्र येतं.

आणि ऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीडपासून जतपर्यंतच्या टोळ्या आपल्या शिवारांत उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, त्यामुळे एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पहाटे फडात, दिवसभर वाकून तोड, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणं, रात्री पालापाचटाच्या खोपीत तीन दगडांच्या चुलीवर भाकरी. यांतल्या कितीतरी जणी गर्भार असतात. लोहाच्या गोळ्या गावच्या उपकेंद्रात राहिलेल्या, तपासणीचं कार्ड पत्र्याच्या पेटीत. कमी रक्त, धूर, मिसरी, कष्ट, न मोजलेलं बीपी: वर एकेक करून सांगितलेली सगळी कारणं एकाच खोपीत. याला ‘पूर्वीच्या बायकांसारखी काटक’ म्हणायचं धाडस कट्ट्याने त्या खोपीत जाऊन करावं.

खर्च कोण करणार, हा शेवटचा आक्षेप. हिमोग्लोबिनला एक सुई आणि दोन मिनिटं लागतात. बीपीला एक पट्टा. लोहाची गोळी सरकार फुकट देतं. धोका असलेल्या गर्भवतीला सोळा आठवड्यांच्या आत डॉक्टरांनी सुरू केलेली कमी मात्रेतली ॲस्पिरिन काही पैशांत पडते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी २०१६ पासून होते. नाही ती एकच गोष्ट: त्या दिवशी बाईला तिथे जाऊ देणारा माणूस.

साखर कारखान्यात वजनकाट्यावर उसाचा किलो चुकत नाही. उतारा रोज दशांशापर्यंत काढला जातो, बाराच्या वर गेला तर पेपरात बातमी येते, सभासद पेढे वाटतात. मग गव्हाणीत मोळी टाकून हंगाम सुरू करता त्याच दिवशी, त्याच आवारात, ऊस तोडणाऱ्या प्रत्येक गर्भार बाईचं हिमोग्लोबिन आणि बीपी मोजायला काय हरकत आहे? अकराच्या खाली असेल तिला जागेवर गोळ्या, सातच्या खाली असेल तिला गाडीत घालून मिरजेच्या सरकारी दवाखान्यात. नऊ तारखेला तिच्या नावापुढे खाडा मांडायचा नाही, हे मुकादमाच्या करारात लेखी. आणि विश्रामबागेतल्या सोसायट्यांनी, कारखान्याचं ठरेपर्यंत, कामवाल्या गर्भार बाईसाठी लिफ्ट उद्या सकाळपासून उघडी करावी, तपासणीच्या दिवसाचा पगार कापू नये. यासाठी ना केंब्रिजला विचारावं लागतं, ना कट्ट्यावर एकमत व्हावं लागतं.